ड्रॅगनची हाडं आणि काढ्यात गेलेली अक्षरं

मागच्या वेळी आपण पुरावा म्हणजे काय यावर बोललो. तेव्हा एकांनी मला अडवलं होतं, "सर, हे सगळं फार हवेत चाललंय, एखादी वस्तू हातात द्या." तर आज वस्तू घेऊन आलोय. म्हणजे वस्तू नाही, वस्तूची गोष्ट. आणि ती वस्तू आहे एक औषध.

चिनी वैद्यकात एक द्रव्य आहे, त्याचं नाव 'लोंग-गू'. लोंग म्हणजे ड्रॅगन, गू म्हणजे हाड. ड्रॅगनचं हाड! हसू नका. चिनी औषधविद्येचा जो सर्वांत जुना ग्रंथ मानतात, शन-नोंगच्या नावावरचा, त्यात हे द्रव्य आहे, आणि तेही वरच्या वर्गात. त्या ग्रंथात द्रव्यांचे तीन वर्ग केलेत. वरच्या वर्गातली द्रव्यं दीर्घकाळ घ्यायला हरकत नाही, खालच्या वर्गातली जपून. ड्रॅगनचं हाड वरच्या वर्गात. कशासाठी द्यायचे? छातीत धडधड होते, झोप लागत नाही, स्वप्नांनी दचकून जाग येते, रात्री घाम फुटतो, लहान मुलांना झटके येतात, जुलाब थांबत नाहीत, अशांसाठी. जखम वाहत असेल तर वरून पूड लावायची. या सगळ्याच्या मागे एकच कल्पना आहे: जे निसटून चाललंय, मन, घाम, रक्त, ते धरून ठेवणारं जड द्रव्य. सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास चांग चोंगचिंग या वैद्याने सांगितलेल्या काढ्यांत ते कालवाच्या शिंपल्याबरोबर येतं, आणि ती जोडी आजही वैद्य वापरतात. हाड कठीण, म्हणून ते आधी उकळत ठेवायचं आणि पाल्यामुळ्या नंतर टाकायच्या. खरं-खोटं ओळखायची दुकानदाराची युक्ती तर फारच छान: हाडाचा तुकडा जिभेला लावायचा. जिभेला चिकटला तर माल चांगला. जुनं, सच्छिद्र हाड ओलावा शोषतं, म्हणून चिकटतं. ताजं हाड चिकटत नाही. बघा, परीक्षा बरोबर होती, फक्त नाव चुकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ड्रॅगन नाहीच, मग हाड कुठलं? पण हा प्रश्न आपण विचारतो तसा त्यांनी विचारला नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता, आणि मला तो तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फार आवडतो. ड्रॅगन ही दैवी वस्तू. मग दैवी वस्तू मरते कशी? आणि मरत नसेल तर जमिनीत तिची हाडं कशी सापडतात? पाचव्या-सहाव्या शतकात थाव होंगचिंग नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की साप जशी कात टाकतो तसा ड्रॅगन हाडं टाकतो. ही मेलेल्या ड्रॅगनची हाडं नव्हेत, ही कात आहे. सुटला प्रश्न! पुढे हजार वर्षं यावर उलटसुलट चालू राहिलं. सोळाव्या शतकात ली शिचन याने आपला प्रचंड ग्रंथ लिहिला. तो १५७८ साली पुरा झाला आणि लेखक १५९३ साली वारला, त्यानंतर प्रसिद्ध झाला. ली शिचनने सगळी जुनी मतं समोर मांडली आणि म्हणाला, दैवी प्राणी आपोआप मरेल असं वाटत नाही हे खरं, पण ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा मूळ ग्रंथ म्हणतो तेच बरोबर, ही मेलेल्याचीच हाडं. म्हणजे तर्क एकीकडे आणि नोंदी दुसरीकडे, आणि या माणसाने नोंदींच्या बाजूने कौल दिला. निष्कर्ष चुकीचा निघाला, पण पद्धतीला मी तरी नावं ठेवणार नाही.

आणि आपण तरी कुठे वेगळे होतो? माझी आजी बाळगुटी उगाळायची. सहाणेवर हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, प्रत्येकाचे दोन-दोन वेढे. त्यात एक काकडशिंगी असायची. वाकडी, शिंगासारखी, आतून पोकळ. ती झाडाची शेंग आहे असं आम्ही समजायचो. ती शेंग नाही, एका प्रकारच्या मावा किडीमुळे झाडावर आलेली गाठ आहे. आजीला सांगितलं असतं तर तिने बहुधा "बरं" म्हटलं असतं आणि उगाळत राहिली असती. देवघरातला शाळिग्राम घ्या. गंडकी नदीतला तो दगड म्हणजे समुद्रातल्या एका नष्ट झालेल्या जिवाचा जीवाश्म. आपण त्याला तुळस वाहिली, त्यांनी त्यांच्या जीवाश्माचा काढा केला.

तर लोंग-गू म्हणजे जीवाश्म. हे बाहेरच्या जगाला कळलं त्याची हकिकत गमतीची आहे. कार्ल हाबेरर नावाचे एक जर्मन निसर्ग-अभ्यासक १८९९ साली चीनमध्ये गेले. आत, डोंगरांत हिंडायचं होतं. पण परकीयांविरुद्ध बॉक्सरांचं बंड पेटलं, आत जाणं अशक्य झालं, आणि हे बंदराच्या शहरांत अडकले. मग त्यांनी काय केलं? औषधांच्या दुकानांतून ड्रॅगनची हाडं आणि दात विकत घ्यायला सुरुवात केली. पेट्याच्या पेट्या म्युनिकला रवाना. तिथे माक्स श्लॉसर यांनी त्या पेट्या उघडून १९०३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे ९० जातींचे सस्तन प्राणी! तीन खुरांचा घोडा, गेंडे, हरणं, तरस, हत्तीचे पूर्वज. ड्रॅगन एकही नाही. आणि एक दात असा, की तो माणसाचा की वानराचा हे ठरेना. त्या दाताने पुढच्या लोकांची झोप उडवली. झोपेच्याच औषधातला दात हो! पुढे पेकिंगजवळ चोउखोउत्येनला जिथे 'पेकिंग मानव' सापडला, त्या टेकडीचं स्थानिक नावच 'ड्रॅगनच्या हाडांची टेकडी' असं होतं, आणि १९२१ साली परदेशी संशोधकांना ती जागा दाखवली गावातल्याच माणसाने. १९३५ मध्ये फोन क्योनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात एका राक्षसी वानराची दाढ मिळाली. त्या सगळ्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, आज नाही.

आज मला ज्या हाडांबद्दल बोलायचंय ती जीवाश्म नाहीत. ती त्या मानाने कालची, सव्वातीन हजार वर्षांची. गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १८९९ साल. पेकिंगमध्ये वांग यिरोंग नावाचे विद्वान, राजकीय विद्यापीठाचे प्रमुख. त्यांना हिवताप येतो. वैद्य चिठ्ठी लिहून देतो, त्यात ड्रॅगनचं हाड. नोकर दुकानातून पुडी आणतो. वांग पुडी सोडून बघतात तर हाडाच्या तुकड्यांवर कोरलेल्या खुणा. जुनी लिपी! ते नोकराला परत पिटाळतात, दुकानातली सगळी हाडं विकत घेतात, आणि चीनच्या सर्वांत जुन्या लेखनाचा शोध लागतो.

काय सुंदर गोष्ट आहे! ताप, पुडी, एक क्षण, आणि हजारो वर्षांचा इतिहास उजेडात. मी स्वतः वर्गात ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली आहे. आता कबूल करतो, तपासून न बघता सांगितली.

कारण तपासायला गेलं की ती हातात विरघळते. या तापाची कथा छापलेली दिसते ती १९३१ साली, पेकिंगच्या एका वृत्तपत्रात, म्हणजे घटनेनंतर ३२ वर्षांनी. त्याच्या आधीचं काय आहे? वांग यिरोंग वारल्यावर त्यांचा संग्रह त्यांच्या मुलाकडून ल्यू अ यांच्याकडे गेला. हे ल्यू अ म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार, आणि वांगना ओळखणारे. त्यांनी १९०३ साली १,०५८ तुकड्यांचे ठसे छापले आणि प्रस्तावनेत ही हाडं कशी आली ते लिहिलं. त्यात फान आडनावाचा व्यापारी आहे, शंभरावर तुकडे आहेत, वांगना झालेला आनंद आहे, चढी किंमत आहे. ताप नाही, वैद्य नाही, पुडी नाही. शिवाय औषधाच्या दुकानातून घरी येतो तो माल बहुधा कुटलेला. त्यात वाक्य वाचता येईल एवढा तुकडा कसा राहणार? आणि अनयांगहून आलेल्या या वस्तूंत बैलाच्या खांद्याची हाडं जशी आहेत, तशी कासवाच्या पोटाकडची कवचंही आहेत. कासवाचं कवच हे चिनी वैद्यकातलं स्वतंत्र औषध आहे, ते ड्रॅगनच्या हाडाच्या नावाने कशाला विकतील?

मग शोध लागला कसा? त्याचं उत्तर कमी नाट्यमय आहे. चीनमध्ये जुन्या काशाच्या भांड्यांवरचे आणि शिलांवरचे लेख वाचण्याची आठशे-नऊशे वर्षांची परंपरा होती. वांग यिरोंग त्या परंपरेतले पट्टीचे जाणकार, पुराणवस्तूंवर पैसा उधळणारे गृहस्थ. शानतोंग प्रांतातले व्यापारी अनयांगच्या बाजूला जुनी भांडी शोधत हिंडायचे. त्यांना कोरीव हाडं दिसली, आणि याला गिऱ्हाईक कोण, हे त्यांना माहीत होतं. ते थेट त्यांच्या दारात गेले. जवळजवळ त्याच वेळी तिएनजिनमध्ये दुसऱ्या दोन अभ्यासकांनाही ती दाखवली गेली होती. तेव्हा एकट्या माणसाला तापात साक्षात्कार झाला असं काही नाही. ती हाडं ओळखू शकतील असे डोळे शेकडो वर्षं तयार होत होते. पण असं सांगितलं तर वर्गात कोण जागं राहणार?

मग औषधाचा संबंध अजिबात नाही का? आहे. आणि तो तापाच्या गोष्टीपेक्षा जास्त अस्वस्थ करणारा आहे.

अनयांगजवळ हुआन नदीच्या काठी श्याओथुन नावाचं खेडं आहे. तिथे शेतात नांगराला हाडं लागायची. गावात ली नावाचा एक न्हावी होता असं सांगतात. त्याच्या अंगावर गळवं झाली, औषधाला पैसे नव्हते, त्याने शेतातल्या हाडाची पूड करून लावली. जखमा सुकल्या. मग त्याने ही हाडं गोळा करून औषधवाल्याला विकायला सुरुवात केली, भाव एका शेराला सहा पैसे असा काहीतरी. हळूहळू गाव या धंद्यात उतरलं. आणि इथे मुख्य मुद्दा येतो. दुकानदार कोरीव हाडं घेत नसत. ड्रॅगनच्या हाडावर अक्षरं कुठून येणार? अक्षरं म्हणजे खोटा माल. मग गावकरी काय करायचे? अक्षरं खरवडून काढायचे. जी खरवडून निघत नाहीत ती हाडं जुन्या कोरड्या विहिरींत भराव म्हणून टाकायची. १९११ मध्ये तिथे गेलेल्या एका अभ्यासकाने गावकऱ्यांकडून ऐकून हे नोंदवून ठेवलंय.

म्हणजे बघा, अक्षरं पहिल्यांदा पाहिली ती पेकिंगच्या विद्वानाने नव्हे. ती त्या शेतकऱ्यांनी पाहिली. स्पष्ट पाहिली, चांगल्या उजेडात, हातात सुरी घेऊन. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून दिसलं नाही, असंही नाही. खुणा आहेत हे त्यांना बरोबर दिसलं. पण त्या खुणेचा त्यांच्या व्यवहारातला अर्थ एकच होता: भाव कमी. दिसणं आणि ओळखणं यांत हा फरक आहे. आणि मी त्या गावकऱ्यांना अडाणी म्हणायला तयार नाही, कारण पुढे व्यापाऱ्यांनी भाव उलटा केला, अक्षरामागे चांदी मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्याच गावात कोऱ्या हाडांवर अक्षरं कोरून विकणारे निघाले. आता अक्षर असणं म्हणजे खरा माल! खोट्या कोरीव हाडांनी परदेशी संग्राहकांना भरपूर फसवलंय.

खरवडलं ते काय होतं? हे कळलं तर जीव हळहळतो. ही हाडं शांग राजांची. राजाला काही जाणून घ्यायचं असलं, की हाडाच्या मागच्या बाजूला खळगे पाडून तिथे तापलेली वस्तू टेकवायची. पुढच्या बाजूला 'पुक्' करून तडा जायचा. तड्याच्या आकारावरून राजा कौल सांगायचा. मग प्रश्न, कधी राजाचं भाकीत, कधी प्रत्यक्ष काय झालं तेही त्याच हाडावर कोरून ठेवायचं. चिनीत शकुन पाहण्यासाठी जे अक्षर आहे ते म्हणजे एक उभी रेघ आणि तिला फुटलेला एक फाटा, त्या तड्याचंच चित्र.

इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास वू दिंग नावाचा राजा होता. त्याच्या काळची हाडं सर्वांत जास्त. पाऊस पडेल का, पीक येईल का, अमक्या टोळीवर चाल करावी का, हे तर आहेच. पण राजाचा दात दुखतोय, हा मेलेल्या वडिलांचा कोप तर नाही ना, असाही प्रश्न आहे. डोळे, डोकं, पोट, सगळ्या दुखण्यांचे प्रश्न आहेत. त्याची राणी फू हाव गरोदर आहे, बाळंतपण नीट होईल का? राजा म्हणतो, अमुक वारी झाली तर शुभ, तमुक वारी झाली तर फारच शुभ. ३१ दिवसांनी राणी बाळंत होते, भलत्याच दिवशी. नोंद करणारा लिहितो: शुभ झालं नाही, मुलगी झाली. हे वाचून माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात वही मिटली होती. फू हाव ही काही साधी राणी नव्हती, सैन्य घेऊन लढाईला जाणारी होती. १९७६ साली तिची न लुटलेली कबर सापडली, त्या कथा ऐकण्यासारख्या आहेत.

तेव्हा जरा लक्षात घ्या काय घडत होतं. एका राजाने दात दुखतोय म्हणून हाडाला प्रश्न विचारला. तीन हजार वर्षांनी कुणी तरी, कदाचित झोप येत नाही म्हणून, तेच हाड पाण्यात उकळून प्यायला. दोघांनाही बरं वाटायला हवं होतं.

वांग यिरोंग यांना या हाडांबरोबर फार वेळ मिळाला नाही. १९०० च्या ऑगस्टमध्ये आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगमध्ये घुसल्या. त्यात ब्रिटिशांच्या बाजूने आपले हिंदी शिपाईही होते, हे आपण सहसा आठवत नाही. शहराच्या बचावाची जबाबदारी असलेल्या वांग यांनी विहिरीत उडी घेऊन जीव दिला. त्यांनी या हाडांवर काही लिहून प्रसिद्ध केलं नाही. ल्यू अ यांना पुढे सरकारने शिनजियांगला हद्दपार केलं, तिथेच १९०९ मध्ये ते गेले. व्यापारी खरं ठिकाण लपवून ठेवत होते, दुसऱ्याच गावाचं नाव सांगत होते. लुओ चन्यू यांनी १९०८ मध्ये श्याओथुन हे नाव खणून काढलं.

आणि मग वांग ग्वोवेई. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ते जवळचे, कारण ते आधी कांट आणि शोपेनहाउअर वाचत होते, मग इकडे वळले. १९१७ साली त्यांनी हाडांवरची शांग राजांची नावं लावली आणि ती शेजारी ठेवली स-मा छियेन या इतिहासकाराच्या यादीशेजारी. ही यादी राजघराणं संपल्यावर जवळपास हजार वर्षांनी लिहिलेली. लोक म्हणत होते, दंतकथाच असणार. यादी बहुतांश जुळली! आणि जिथे जुळली नाही तिथे मजा बघा. तीन पूर्वजांचा क्रम यादीत चुकला होता. वांग ग्वोवेईंनी वेगवेगळ्या संग्रहांतले दोन तुटके तुकडे जुळवले आणि खरा क्रम सिद्ध केला. यातला एक तुकडा शांघायच्या सायलस हार्डून यांच्या संग्रहातला. हा बगदादचा ज्यू, लहानपण मुंबईत गेलेलं, डेव्हिड ससूनच्या धर्मादाय शाळेत शिकलेला. ससून हे नाव पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगायला नको. तिथून शांघायला जाऊन तो अफाट श्रीमंत झाला. त्याच्या हवेलीत तो तुकडा पोचला म्हणून जोड लागली. वाटेत औषधाचं दुकान लागलं असतं, तर यादी आजही चुकीचीच राहिली असती, आणि चुकली आहे हेही कुणाला कळलं नसतं.

१९२८ पासून रीतसर उत्खनन सुरू झालं. १९३६ च्या जूनमध्ये, हंगाम संपता संपता, एका खड्ड्यात १७ हजारांहून अधिक तुकडे एका ठिकाणी सापडले, बहुतेक कासवाची कवचं. मातीसकट अख्खा ढेकूळ उचलून नानजिंगला नेला. पुढच्या वर्षी जपानशी युद्ध पेटलं आणि काम थांबलं. आज सगळे मिळून सुमारे दीड लाख तुकडे आहेत. साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी अक्षरं आहेत, त्यांतली साधारण एक-तृतीयांश लागतात.

मागून एक चिठ्ठी आली आहे: "त्या औषधाचा गुण येत होता का?" हाड म्हणजे मुख्यतः चुन्याचे क्षार. ओल्या जखमेवर कोरडी पूड टाकली तर ती ओल शोषते, न्हाव्याच्या गोष्टीत अशक्य काही नाही. काढ्यात मात्र ते फारसं विरघळत नाही. जे काही होत असेल ते बरोबरच्या मुळ्यांनी, किंवा वैद्याने नाडी धरून पाच मिनिटं ऐकून घेतलं त्याने.

दुसरी चिठ्ठी: "हे आता बंद झालं का?" हे घ्या. २००७ साली बातमी आली, त्याच हनान प्रांतातली, रूयांग तालुक्यातली. तिथले गावकरी कित्येक वर्षं जमिनीतून मोठमोठी हाडं काढून ड्रॅगनची म्हणून विकत होते, चार युआन किलो. पोरांना चक्कर आली, पायात गोळे आले, की उकळून द्यायचे. हाड मोडलं तर लेप लावायचे. ती डायनोसॉरची होती. संशोधकांनी जाऊन गावकऱ्यांना समजावून सांगितलं, ही कशाची हाडं आहेत ते. गावकऱ्यांनी घरात उरलेली गोळा केली आणि त्यांच्या स्वाधीन केली. २०० किलो भरली.